ओघळलेले कान शिवून घेताना

सराफ्यातले वजनदार झुमके वर्षानुवर्षं वागवले की भोक लांबत जातं आणि एखाद दिवशी ओढणीत अडकून कानाची पाळी दुभंगते. ती नुसती शिवून जुळत नाही. फटीच्या दोन्ही कडांवर कातडी धरलेली असते आणि कातडीला कातडी चिकटत नाही. म्हणून सर्जन आधी कडा कापून ताज्या करतात, मग बारीक नायलॉनचे टाके घालतात. शिवण सरळ रेषेत असली तर व्रण आक्रसून पाळीच्या टोकाला खाच पडू शकते. ती टाळायला काही जण नागमोडी छेद घेतात. भूल पाळीपुरतीच, त्याच दिवशी घरी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, जुन्या जखमेवर आलेली केलॉइडची (व्रण वाढून फुगलेली) गाठ, हे डॉक्टरांना आधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) तोंडावर तारीख घेऊ नका, बाई!

पहिले दोन दिवस पाणी नको. इंदूरच्या उन्हात स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळायची सवय इथे नडते: टाक्याची गाठ जाळीदार कापडात अडकते. गुळगुळीत सुती रुमाल सैल बांधा. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. ठणका वाढला किंवा पू दिसला तर थांबू नका.

नवं भोक निदान तीन महिन्यांनी, व्रणावर नव्हे, बाजूला. व्रणाची कातडी कच्चीच राहते. आधी हलक्या कुड्या घाला.