एकाच ऑब्जेक्टपाशी थांबणारा ब्रेकपॉइंट: माझा अनुभव

बिलाची बेरीज चुकत होती. सगळ्या बिलांची नव्हे, अधूनमधून एखाद्याचीच. बिल तयार होताना त्यात पाच ओळी असायच्या आणि छापायला जाईपर्यंत चारच उरायच्या. मधल्यामधे ती ओळ कोण काढतंय, एवढंच मला शोधायचं होतं.

आमचं काम फारोमध्ये चालतं. २००८ साली स्क्वीक या जुन्या स्मॉलटॉकमधून वेगळी झालेली, स्मॉलटॉकच्या घराण्यातली ही भाषा. इथे ब्रेकपॉइंट, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवायची खूण, ठेवायची जुनी रीत म्हणजे संशय असेल त्या मेथडमध्ये (एका कामाच्या कोडमध्ये) 'सेल्फ हॉल्ट' लिहायचं. हॉल्ट हाही ऑब्जेक्टला (प्रोग्रॅममधल्या वस्तूला, जसं एखादं बिल किंवा यादी) पाठवलेला एक साधा मेसेजच. तो पोचला की एक्सेप्शन (नेहमीचा क्रम मोडणारा इशारा) उठतं, डीबगर (थांबलेला कोड पाहायची खिडकी) उघडतो आणि तिथेच मेथड दुरुस्त करून काम पुढे चालू ठेवता येतं. मला ही सोय मनापासून आवडते, त्यामुळे बरीच वर्षं दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही.

या बगने मात्र तिच्या सगळ्या अडचणी एकदम समोर आणल्या. पहिली अडचण म्हणजे हॉल्ट कोडच्या मजकुरातच राहतो. माझा एक हॉल्ट कमिटमध्ये (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) गेला आणि सहकाऱ्याची टेस्ट मध्येच अडकली. दुसरीत माझी अख्खी दुपार गेली. फारोमध्ये हॉल्ट हा एरर या क्लासचा (ऑब्जेक्टच्या साच्याचा) वारस नाही, थेट एक्सेप्शनचा आहे. कोणी फक्त एरर पकडत असेल तर हॉल्ट सुखरूप बाहेर येतो. आमच्या छपाईच्या कोडमध्ये सरसकट एक्सेप्शन पकडलेलं होतं, त्यामुळे हॉल्ट तिथेच गिळला जायचा. डीबगर उघडत नाही म्हणजे मेथडला कोणी बोलावतच नाही, असं समजून मी भलतीकडेच शोधत राहिलो.

खरी कोंडी पुढे होती. बिलाच्या ओळी ऑर्डर्ड कलेक्शनमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, ठेवलेल्या. सेटरवर (व्हेरिएबलमध्ये नवं काही ठेवणाऱ्या मेथडवर) पहारा ठेवून उपयोग नव्हता, कारण व्हेरिएबलमध्ये यादी तीच राहत होती, फक्त तिच्या आतली ओळ जात होती. मग हॉल्ट लावायचा तो ऑर्डर्ड कलेक्शनच्या 'रिमूव्ह-इंडेक्स' या ओळ काढणाऱ्या मेथडमध्येच. पण ती मेथड फक्त माझ्या बिलाची नाही. फारोमध्ये एडिटर, खिडक्या, खुद्द डीबगर हे सगळं त्याच इमेजमध्ये (सगळे ऑब्जेक्ट आणि कोड एकत्र असलेल्या चालत्या वातावरणात), त्याच क्लासेसवर चालतं. तिथे हॉल्ट ठेवला की आधी आपलं काम करायचं वातावरणच थांबणार. अट घालून भागलं असतं का? यादीला नंबर नसतो, नाव नसतं. शिवाय ती अट इमेजमधल्या प्रत्येक यादीसाठी तपासली गेली असती.

म्हणजे मला क्लासवर थांबायचंच नव्हतं. हव्या त्या एकाच यादीपाशी थांबायचं होतं.

याचं उत्तर फारोतच होतं, मेटालिंकच्या रूपात. मेथडच्या मजकुराला हात न लावता तिच्या सिंटॅक्स ट्रीच्या (कोडच्या रचनेच्या झाडाच्या) एखाद्या नोडला, म्हणजे त्यातल्या एका घटकाला, दुवा जोडायचा. त्या नोडच्या आधी, नंतर किंवा त्याच्या जागी कोणत्या ऑब्जेक्टला कोणता मेसेज जावा, हे तो दुवा सांगतो. मेथड पडद्याआड पुन्हा कंपाइल होते, पण सोर्स जसाच्या तसा राहतो आणि कमिटमध्ये काहीच जात नाही. हा दुवा एकाच ऑब्जेक्टपुरताही जोडता येतो. त्या ऑब्जेक्टसाठी एक निनावी सबक्लास तयार होतो, ऑब्जेक्ट तिकडे हलवला जातो आणि दुवा जोडलेली मेथड फक्त तिथेच असते. बाकीच्या याद्यांना याचा पत्ताही लागत नाही. हे पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा मी इन्स्पेक्टरमधून (ऑब्जेक्टच्या आत डोकावायच्या खिडकीतून) पुनःपुन्हा तपासून पाहिलं, इतका आनंद झाला.

त्याभोवती मी 'थांबा' नावाचा छोटासा क्लास लिहिला. कोणत्या ऑब्जेक्टवर, कोणत्या मेसेजला, कोणत्या अटीवर आणि किती वेळा थांबायचं, एवढंच तो जाणतो. ठरलेल्या वेळा थांबून झालं की स्वतःचा दुवा स्वतःच काढून टाकतो. सगळे थांबे एका यादीत ठेवले, म्हणजे एका मेसेजने सगळे उठवता येतात. इथे एक चूक सुधारावी लागली. ही यादी लक्ष्य ऑब्जेक्टना घट्ट धरून बसायची, त्यामुळे काम संपलेली बिलं मेमरीतून जातच नव्हती. तिथे वीक रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टला मेमरीतून जाऊ देणारे सैल संदर्भ, वापरले. शिवाय डीबगर उघडला की वरच्या चौकटी माझ्याच थांब्याच्या दिसायच्या. फारोमधल्या हॉल्टच्या मेथडमध्ये यासाठीच एक प्रॅग्मा (मेथडला जोडलेली खास सूचना) असतो, तो पाहून डीबगर बोलावणाऱ्या मेथडपाशी उघडतो. तोच माझ्या मेथडमध्ये घातला.

मग टेस्टमध्ये बिल तयार झाल्याझाल्या त्याच्या यादीवर थांबा लावला. एकदाच डीबगर उघडला. स्टॅकमध्ये (कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्या साखळीत) खाली उतरत गेलो तर शून्य नगाच्या ओळी काढणारी मेथड सापडली, आणि ती चालली होती बिलाच्या कच्च्या प्रतीवर. मूळ बिलाला कोणी हातही लावला नव्हता! फारोतली 'कॉपी' वरवरची असते. बिलाचा नवा ऑब्जेक्ट तयार होतो, पण आतली यादी दोघांची एकच राहते. प्रतीतून ओळ गेली की मूळ बिलातूनही गेलीच. आणि प्रत फक्त काही बिलांचीच काढली जायची.

प्रत निघाल्यावर आपोआप चालणाऱ्या 'पोस्टकॉपी' मेथडमध्ये आधी सुपरचं (वरच्या क्लासचं) पोस्टकॉपी आणि मग यादीची स्वतंत्र प्रत, एवढ्या दोनच ओळी लिहिल्या. टेस्ट पुन्हा चालवली, थांबा लागला नाही, पाचच्या पाच ओळी छापल्या गेल्या.

एक गाठ अजून सुटलेली नाही. थांबा लावायला ऑब्जेक्ट आधी हातात असावा लागतो, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तो ऑब्जेक्ट नवाच असतो. टेस्टमध्ये तो सहज हाती लागतो. पण खोल कुठेतरी जन्मणाऱ्या ऑब्जेक्टसाठी, त्याला तयार करणाऱ्या नोडवरच दुवा ठेवून तिथून नव्या ऑब्जेक्टवर थांबा बसवायचा, असा प्रयोग सध्या करतोय.