वाघ-अस्वल देखावा, टप्पा ५ : मानेचा पेच सुटला

वाघ आणि अस्वलाच्या झटापटीचा एक छोटा मूर्ती-देखावा मी घडवतो आहे. त्यातल्या वाघाचा जबडा अस्वलाच्या मानेवर बसत नाही, एवढेच लिहून मी मागची नोंद थांबवली होती. त्यानंतर सहा आठवडे काम तिथेच अडले होते. परवा रात्री ते सुटले.

विषय तोच आहे : फेब्रुवारी २०१८ मध्ये ताडोबातील पाणवठ्यावर मटकासुर वाघ आणि पिल्लासह आलेली अस्वलाची मादी यांच्यात झालेली झटापट. प्रमाणही १:१० हेच आहे, म्हणजे मूर्ती खऱ्या प्राण्यांच्या एक दशांश मापाच्या.

वाघ अस्वलावर बहुधा दबा धरून मागून येतो आणि मानेचा मागचा भाग पकडतो, त्यामुळे देखाव्याचा सारा भार त्या एका पकडीवर होता. मी मात्र अस्वलाची मान त्या झटापटीच्या चित्रफितीत जेवढी जाड दिसते तेवढीच जाड घडवली होती. तारेचा सांगाडा, त्यावर इपॉक्सी पुट्टी (मळून लावली की कडक होणारा लगदा) आणि तिच्यातच कोरणीने ओढलेले केस. अशा मानेभोवती जबडा बसवायचा तर तो वाघाच्या कवटीला न झेपणाऱ्या कोनात उघडावा लागे, आणि कोन कमी केला की सुळे वरवर टेकत व वाघ अस्वलाला नुसते हुंगत असल्यासारखा दिसे. मी मान तीनदा तासली. तिसऱ्यांदा खांद्याची तार उघडी पडली आणि मूर्ती बाजूला ठेवावी लागली.

चूक जबड्यात नव्हतीच. अस्वलाच्या खांद्यांमधील व मानेमागील केस ३० सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकतात, म्हणजे माझ्या मूर्तीत ३ सेंटीमीटर. दिसणाऱ्या जाडीतला मोठा वाटा केसांचा असतो हे मी वाचले होते, पण हातांना ते ठाऊक नव्हते. शेवटी शाडूत केसांशिवायचे अस्वल घडवून पाहिले, तेव्हा निघालेली मान इतकी सडपातळ होती की जबडा पहिल्याच प्रयत्नात तिच्यावर बसला.

आता प्रश्न उरला केसांचा. ऑनलाइन मागवलेली कृत्रिम फर मऊ आणि चकचकीत निघाली. अस्वलाच्या राठ, विस्कटलेल्या केसांसाठी ती अजिबात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी तागाची सुतळी उलगडून, काळी रंगवून, बारीक फणीने विंचरली आणि कौले शाकारतात तशी मागून पुढे, एकावर एक झुबके चिकटवत नेली. त्या केसांत वाघाचे सुळे प्रथमच खरोखर बुडालेले दिसले, आणि तो क्षण मी बराच वेळ नुसता पाहत बसलो.

पूर्ण वाढलेला नर वाघ २०० किलोंच्या आसपास, तर मादी अस्वल बहुधा १०० किलोंच्या आतले. तरीही खाली दाबली गेलेली ती मादी सुटली, उलटून अंगावर गेली आणि वाघ मागे सरला. सुळ्यांच्या वाटेत आलेल्या या केसांचा त्यात वाटा असावा, असे मूर्ती हाताळताना मला वाटू लागले आहे. हे लिहितानाच आराखडाही बदलतो आहे : पकडीऐवजी तिच्या उलटण्याचा क्षण घ्यावा. पकडीसाठी इतके झगडल्यावर ती सोडणे जड जाते, पण खरी गोष्ट त्या उलटण्यात आहे. त्यासाठी वाघाचे कान मागे दुमडावे लागतील आणि त्याचे वजन मागच्या पायांवर न्यावे लागेल.

पुढच्या पंजांच्या नख्यांसाठी बाभळीच्या पांढुरक्या काट्यांची टोके वापरली आहेत. पंजे आत वळलेले ठेवल्यामुळे ती ओळखीची अस्वली ठेवणही साधली.

पिल्लाचे काम मात्र बाकी आहे. त्या आकाराला ताग फार जाड पडतो. कोणी इतक्या लहान मूर्तीवर केस बसवले असतील, तर कोणता धागा वापरला ते अवश्य कळवावे. तोवर मी वाघाचे कान उतरवायला घेतो.