थंडी, पेट्रोलचा वास आणि आमचं धायरीचं गॅरेज : आमची वाटचाल

पुण्यात धायरीत शेड टाकलं तेव्हा स्पोर्ट्स कारचं काम करायचं असं काही डोक्यात नव्हतं. औंध आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेला, नंतर एका मोठ्या वर्कशॉपमधे नोकरी, आणि मग पतसंस्थेचं कर्ज घेऊन स्वतःचं काम. मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम यांच्यावर घर चालायचं, आधी कार्ब्युरेटर साफ करणं, मग एमपीएफआय गाड्या (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) आल्या तशी इंजेक्टरची कामं. हिशोब पहिल्यापासून बायकोकडे आहे, म्हणून गॅरेज टिकलं असं मी सगळ्यांना सांगतो आणि ते खरंच आहे.

फ्युएल लाईनची, म्हणजे टाकीतून इंजिनपर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांची कामं आमच्याकडे वळली ती एका सॅन स्टॉर्ममुळे. हल्लीच्या पोरांना ही गाडी माहीतच नसते. गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, बॉडी फायबरची आणि इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, १९९० च्या दशकाच्या शेवटी आली आणि फारच थोड्या रस्त्यावर उतरल्या. कोथरूडचे एक काका होते, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली. त्यांची तक्रार एकच, डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी काढली की पेट्रोलचा वास येतो आणि खाली फरशीवर ओला डाग दिसतो, पण गॅरेजला नेईपर्यंत सगळं कोरडं. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोन्हीकडे "काही नाहीये काका, वास तर जुन्या गाडीला येतोच" असं सांगून परत पाठवलेलं. एका ठिकाणी तर लाईनच्या जोडांवरच्या क्लिपा करकचून आवळून दिल्या होत्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता यात काकाही खरं बोलत होते आणि बाकीच्यांना दिसलं नाही हेही खरं. पुण्याची थंडी तशी विचित्र, पहाटे पारा ८-९ डिग्रीवर आणि दुपारी २८-३० पर्यंत, म्हणजे एकाच दिवसात वीस डिग्रीचा फरक. लाईनमधे लोखंडी पाईपाला रबरी नळ्या जोडलेल्या असतात. रबर थंडीत आकसतं, लोखंडापेक्षा दहापटीहून जास्त, शिवाय जुनं झालेलं रबर कडक असतं त्यामुळे ते पाईपच्या तोंडाला धरून बसत नाही. केसाएवढी फट पुरते, पेट्रोल इतकं पातळ की तेवढ्यातून झिरपतं. आणि एमपीएफआय गाडीत पंप साधारण तीन बारच्या प्रेशरने ढकलत असतो. मग इंजिन तापलं, बोनेटखाली गरम झालं, की तेच रबर फुगतं, फट बुजते, सांडलेलं पेट्रोल उडून जातं. गाडी दुपारी बारा वाजता माझ्याकडे आली तर मला काय दिसणार, काहीच नाही.

म्हणून काकांना म्हटलं, गाडी रात्री मुक्कामाला ठेवा. शेडमधे नाही, बाहेर उघड्यावर, कव्हरसुद्धा नको. पहाटे उजाडायच्या आत मी आणि एक पोरगा गेलो, बोनेट उघडलं, सेल्फ मारलाच नाही, नुसती इग्निशन ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि लाईनमधे प्रेशर भरतं, तेवढंच चार-पाच वेळा केलं आणि एलईडी टॉर्चने बघत बसलो. इंजिनच्या मागच्या बाजूला जिथे लोखंडी लाईन संपून रबरी होज, म्हणजे नळी, सुरू होतो तिथे क्लिपच्या खाली एक थेंब जमा झाला, मग ओघळला. इतका आनंद झाला की पोरगा ओरडलाच.

तो होज काढून बघितला तर आवळलेल्या क्लिपेनेच तो कापलेला. भोकं असलेली साधी वर्म क्लिप असते ना, तिच्या खाचांत रबर शिरतं आणि जितकं आवळाल तितकं चिरत जातं, त्यात कडक रबर असेल तर आवळून काही उपयोग होत नाही, चिर आणखी वाढते. इंजेक्शनच्या गाडीला कडा दुमडलेली, आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते, ती रबर कापत नाही. होजवर छापलेलं वाचलं तर आर७, म्हणजे कमी प्रेशरचा, कार्ब्युरेटरच्या गाडीला चालणारा, त्याची मर्यादा साधारण ५० पीएसआय म्हणजे साडेतीन बार. तीन बारच्या लाईनला तो जेमतेम पुरतो, आणि वय झालं की तेवढाही पुरत नाही. तिथे एसएई जे३० या मानकाचा आर९ होज पाहिजे, ज्याच्या आतून एफकेएम रबराचा थर असतो, बाजारात ज्याला सगळे वायटन म्हणतात.

नवीन होज टाकला, क्लिपा बदलल्या, आणि गाडी काकांना दिली नाही. अजून एक रात्र बाहेर ठेवली. कारण एक लिकेज सापडलं म्हणजे तेवढंच होतं असं नसतं, उलट जास्तीचं प्रेशर आता पुढे जातं आणि पुढचा कच्चा जोड बोलायला लागतो. झालंही तसंच, प्रेशर गेज लावला होता, इग्निशन बंद केल्यावर काटा हळूहळू खाली येत होता, म्हणजे कुठेतरी निसटतंय. फ्युएल रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, एका इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगपाशी (गोल रबरी कडी) टिश्यू पेपर धरला तर ओला झाला, डोळ्याला दिसत नव्हतं. त्या ओ-रिंगा इतक्या चपट्या झाल्या होत्या की बाहेर काढल्यावरही गोल झाल्या नाहीत. सगळ्या बदलल्या, बसवताना थोडं तेल लावून, कोरड्या ढकलल्या तर कट होतात.

फायबरच्या बॉडीचं अजून एक आहे. फायबरमधून वीज वाहत नाही म्हणून बॉडीवर अर्थ घेता येत नाही, पंपाला, टाकीला, प्रत्येक गोष्टीला वेगळी अर्थ वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते, आणि त्या वायरचा जोड गंजला की तो तापतो. जिथे पेट्रोल झिरपतंय त्याच्याजवळ तापणारा जोड, ही किती धोक्याची गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे लाईनचं काम आलं की वायरींगही तपासतोच, ग्राहकाने सांगितलं नसलं तरी.

काकांनी त्यांच्या जुन्या गाडीवाल्या मित्रमंडळींना सांगितलं आणि तिथून ओळखीओळखीने कामं यायला लागली. मुंबईहून पोर्श ९४४ आली, १९८२ ते १९९१ या काळात बनलेली मालिका, हिच्या फ्युएल रेलला जाणाऱ्या होजचं दुखणं जगभरच्या मालकांना माहीत आहे, जुने झाले की गरम इंजिनवरच थेंब पडतात. जुनी मर्सिडीज एसएल आली के-जेट्रॉनिकवाली (जुनी यांत्रिक इंजेक्शन पद्धत), तिचं प्रेशर तर पाच बारच्या आसपास, तिथे आपली नेहमीची क्लिप आणि होज चालतच नाही, तयार प्रेस केलेल्या लाईनी लागतात, त्या भोसरीत एका हायड्रॉलिक होजवाल्याकडून बनवून घेतो, तो इंधनाला चालणारा होज वेगळा ठेवतो म्हणून.

सामान मुख्यतः नाना पेठेतून येतं. तिथे आर९ छापलेला नकली होजही मिळतो, त्यामुळे मी दुकानातच एक तुकडा कापून बघतो, आतला थर वेगळ्या रंगाचा, गुळगुळीत आणि रबरापासून न सुटणारा असला तरच घेतो. दुकानदार आधी चिडायचे, आता स्वतःच ब्लेड पुढे करतात. चांगला होज साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि बिल बघून काही लोक निघून जातात, जाऊ देतो, स्वस्तातला होज टाकून गाडी बाहेर पाठवणं मला जमणार नाही.

२०२३ पासून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच, तेव्हापासून जुन्या गाड्यांची ही कामं आणखी वाढली. इथेनॉल जुन्या जातीच्या रबरातला मऊपणा ओढून घेतं, गाडी चालत असते तोवर होज फुगलेला राहतो, पण स्पोर्ट्स कार कोण रोज चालवतं, महिना महिना उभी असते, होज वाळतो, आकसतो, कडक होतो, आणि मग पहिल्या थंड सकाळी झिरपतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी खेचतं, त्याने टाकीच्या आत गंज धरतो. म्हणून आम्ही एकटा पुढचा होज बदलत नाही, टाकीपासून रेलपर्यंत सगळं रबर एकदम बदलतो, टाकीतला होज असेल तर तो आर१०, कारण तो बाहेरूनही पेट्रोलमधे बुडालेला असतो, आर९ ची बाहेरची बाजू त्यासाठी बनवलेली नसते.

कर्ज काढून गाडी वर उचलणारी टू-पोस्ट लिफ्ट घेतली ती मुख्यतः याच कामासाठी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते, त्यामुळे लिकेजची गाडी पिटवर (खालून काम करायचा खड्डा) घेणं आमच्याकडे कायमचं बंद. बल्बचा हँडलॅम्प बंद. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह, मगच पाना लावायचा, आणि विझवायचं सिलिंडर हाताशी. थंडीत पोरं शेडबाहेर शेकोटी करतात, पहाटेची कामं असतात, हात गारठतात, मला कळतं ते. पण लिकेजची गाडी आवारात असेल तर शेकोटी नाही म्हणजे नाही. पेट्रोल उणे ४० डिग्रीलाही पेटेल एवढी वाफ सोडतं, आपल्याकडच्या थंडीने त्याला काही फरक पडत नाही. त्याऐवजी सगळ्यांना जाड जर्किन घेऊन दिलेत आणि सहा वाजता चहा येतो.

आज आमच्याकडे पाच जण आहेत, त्यातला तो थेंब बघून ओरडलेला पोरगा आता ही सगळी कामं एकट्याने बघतो. बिलावर आम्ही होजचं मार्किंग आणि बसवल्याची तारीख लिहितो, लाईनवरही टॅग बांधतो, पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना इन्स्पेक्शनला न्यायची असते तेव्हा तो कागद हाताशी असलेला बरा.

यंदा डिसेंबरपासून मुक्कामाच्या गाड्यांसाठी मागची मोकळी जागा कुंपण घालून घेतली आहे, एका वेळी तीन गाड्या राहतील. ज्यांना सकाळच्या वासाची तक्रार आहे त्यांनी गाडी संध्याकाळी आणून द्यायची, टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको, टाकी उतरवावी लागली तर सोपं पडतं. आणि वास जास्त असेल, डाग मोठा असेल तर चालवत आणूच नका, फोन करा, आम्ही टोइंगची गाडी पाठवतो.