उतारशाळेचा रक्षक

रविवार, रात्री पावणेअकरा

आज संडे स्कूलला लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे बोधकथा. वाटेत लुटारू एका माणसाला अर्धमेला करून टाकतात. याजक (मंदिरातला पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बघून पुढे जातात. यहुद्यांना परका असलेला शोमरोनी मात्र त्याला जनावरावर घालून उतारशाळेत, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेत, नेतो आणि तिथल्या रक्षकाला पैसे देऊन त्याच्या हवाली करतो. वर्षातून एकदा हा दाखला येतोच आणि दर वेळी मी तो मुलांकडून करवून घेते. सांगितलेलं विसरतात, केलेलं राहतं डोक्यात. शोमरोनी व्हायला चौघं तयार, लुटारू व्हायला सगळेच. याजक आणि लेवी व्हायला कुणी धजेना, पण पांढरी शाल मिळणार म्हटल्यावर दोघं उठले. दोन पोरांनी मिळून गाढव केलं. उतारशाळेचा रक्षक मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलाच्या वाट्याला आला.

"टीचर, मी काय म्हणू?"

"काही नाही रे. पैसे घे आणि उभा राहा."

शोमरोनी पैसे देऊन गेला, मी "बास, झालं" म्हटलं, टाळ्या पडल्या. लुटारूंची पुन्हा कुस्ती सुरू झाली. हा मात्र चटईवर पडलेल्या पोराला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसलेला. जखमी कंटाळून उठायला लागला तर त्याने खांदा दाबून खाली निजवलं. "तो अजून परत आला नाही ना," म्हणे.

मग नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं: जखमी माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, याजक आणि लेवी म्हणजे नियमशास्त्र, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी, आपलं चर्च. मुलांनी उतरवून घेतलं. रक्षकासमोर काय लिहायचं ते मला आठवेना आणि तेवढ्यात घंटा झाली.

घरी आल्यावर पप्पांचं पवित्र शास्त्र काढलं. त्या पानाच्या समासात त्यांच्या बारीक पेन्सिलीत हीच सगळी यादी आहे. शेवटी 'रक्षक = पौल', म्हणजे येशूनंतर मंडळ्या उभारणारा प्रेषित, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

लहानपणी मला वाटायचं, हे सगळं पप्पांनी शोधून काढलंय. बायबल कोर्सला गेले तेव्हा कळलं की यादी फार जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने ती सांगितली, तीसुद्धा आपल्या आधीच्या एका वडीलधाऱ्याच्या नावावर. पुढे संत ऑगस्टिनने तिला आणखी बारकावे जोडले. यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगरी. यरीहो म्हणजे चंद्र, कारण हिब्रूत दोन्ही शब्द जवळचे. चंद्र वाढतो आणि क्षय पावतो, म्हणून ते माणसाचं मर्त्यपण. तेल म्हणजे आशेचा दिलासा. जनावर म्हणजे प्रभूने धारण केलेला देह. दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. आणि रक्षक म्हणजे प्रेषित पौल. रक्षकाने करायचा जादा खर्चसुद्धा त्याने सोडला नाही: पौल मंडळीवर भार नको म्हणून स्वतःच्या हातांनी राबून पोट भरायचा, तो म्हणे हाच खर्च. वाचताना हसू येतं, पण त्या माणसाने एकही दोरा सुटा ठेवला नाही, हे मानायला हवं.

मग १८८८ साली अॅडॉल्फ युलिखर या जर्मन पंडिताने या सगळ्यावर बोळा फिरवला. दाखल्यात मुद्दा एकच असतो, प्रत्येक पात्राच्या गळ्यात पाटी अडकवू नका, असं त्याचं म्हणणं. कोर्समध्ये हे ऐकून मला मोकळं वाटलं होतं. तरी एक अडचण राहतेच. गहू आणि निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला येशूने स्वतःच पाट्या लावून समजावला आहे: शेत म्हणजे जग, शत्रू म्हणजे सैतान, कापणारे म्हणजे देवदूत. म्हणजे हा नाद ऑगस्टिनने कुठून बाहेरून आणला नव्हता.

आपल्या मराठीला तर ही रीत नवी नाहीच. महानुभावांच्या दृष्टांतपाठात आधी सूत्र, मग चक्रधरस्वामींचा दृष्टांत आणि पाठोपाठ दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतलं काय कशाला लावायचं ते. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपल्याकडे त्यातूनच किती जुनी आहे! शोमरोन्याच्या दाखल्याला येशूने दार्ष्टांतिक जोडलंच नाही. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडिताला, त्याने उलटा प्रश्न केला: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघाला नाही, इतकं यहुदी आणि शोमरोन्यांचं वाकडं. 'दया करणारा' म्हणून त्याने वेळ मारून नेली.

या तिघांपैकी. आज हे दोन शब्द टोचत राहिले. याजक, लेवी, शोमरोनी, झाले तीन. रक्षक मोजणीतच नाही.

नाताळच्या नाटकात बघा, दरवर्षी एक उतारशाळेवाला असतो. कंदील घेऊन दार उघडतो, योसेफ-मरीयेला "जागा नाही" म्हणतो, प्रेक्षकांच्या शिव्या खातो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात असा माणूसच नाही! जागा नव्हती एवढंच वाक्य आहे, बाकीचा सगळा आपण उभा केला. आणि दहाव्या अध्यायात जो खरोखर आहे, त्याच्या तोंडी आपण एक वाक्य घालत नाही.

मूळ ग्रीकमध्ये त्या उतारशाळेला जो शब्द आहे त्यात 'सगळ्यांना घेणारी' असा अर्थ दडलेला आहे. अशा जागांचं त्या काळी नाव काही चांगलं नव्हतं; पाहुण्याचं सामान गेलं तर मालकाला धरायला रोमन कायद्यात वेगळी तरतूद होती. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सत्तावीसेक किलोमीटरची आणि हजारेक मीटर खाली उतरणारी, नुसते ओसाड डोंगर. अशा वाटेवरून अर्धमेला अनोळखी माणूस आणून टाकतात. हातावर दोन दिनार ठेवतात, म्हणजे मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या हिशेबाने दोन दिवसांची मजुरी. आणि म्हणतात, याची काळजी घे, जास्त लागेल ते मी परत आल्यावर देईन.

हे वाक्य मी दुपारी चौथ्यांदा वाचत होते तेव्हा फोन वाजला. मस्कतहून धाकट्याचा मेसेज. "ताई, पैसे टाकलेत. जास्त लागले तर सांग, डिसेंबरला आल्यावर बघू."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. आईला पडून चौदा महिने झाले. तो चांगला आहे, कधी हात आखडता घेत नाही. गेल्या वर्षी सुट्टीवर आला असताना तिला उचलून गाडीत घालून दवाखान्यात त्यानेच नेलं, चार रात्री खुर्चीत काढल्या आणि पाचव्या दिवशी गेला. मंडळीत अजून सगळे त्याचंच नाव घेतात, मुलगा असावा तर असा. नंतरच्या रात्री कोण मोजतंय? म्हटलं, पप्पा, पुसा ते प्रश्नचिन्ह. रक्षक म्हणजे मी.

ही कीव दिवसभर छान पुरली. रात्री नऊला मावशी ड्युटीवर आल्या.

ब्युरोकडून येतात त्या, रात्रपाळीला. चप्पल दाराबाहेर, डबा ओट्यावर, पदर खोचला की पहिल्यांदा आईच्या टाचा बघतात. नंतर पाठ, माकडहाड. लालसर दिसलं की मला हाक मारतात. एअर बेडची हवा बोटाने दाबून बघतात. मग वही. बीपी किती, लघवी किती वेळा, डायपर कधी बदललं, कुठल्या कुशीवर निजवलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय. आकडे नीट काढतात आणि डाव्या-उजव्या कुशीसाठी बाण. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांची हजेरी, रात्रीला एक रेघ. शनिवारी पैसे घेताना रेघा मोजतात, एकही जास्तीची नसते.

मघाशी मी तो धाकट्याचा मेसेज मुद्दाम वाचून दाखवला त्यांना, थोडं कुत्सितपणे. त्या म्हणाल्या, "येणार म्हणतात ना? मग चांगलंय. आधीच्या घरी तर कुणी येणारच नव्हतं." आणि आईचे केस विंचरायला लागल्या.

मी पैसे घेत नाही, त्या घेतात. इतके दिवस मला यात केवढा फरक वाटत होता. दाखल्यातल्या रक्षकानेही पैसे घेतले. आधीच घेतले, रोख. ऑगस्टिनने त्याला एकदम प्रेषित करून टाकलं, पण तो बहुधा मावशींसारखा, हजेरीच्या रेघा मोजून घेणारा माणूस असावा. आणि मग त्या घरात मी कोण? पाटी शोधत फिरणारी मीच. पुढच्या रविवारी फळ्यावर त्याच्यासमोरची जागा कोरीच ठेवेन म्हणते. पाळकसाहेब विचारतील, विचारू देत.

धाकट्याला अजून उत्तर दिलेलं नाही. "पुरतील" एवढंच लिहीन.

अकरा वाजले. मावशी हाक मारतायत. आईची कूस बदलायची वेळ झाली, एकटीने होत नाही ते, चादरीचं दुसरं टोक धरायला मी लागते.