मनाली–लेह: जुन्या डिझेल जीपला इलेक्ट्रिक फीड पंप बसवून

रस्ता नेहमीचाच: अटल बोगदा, तांदी, केलाँग, बारालाचा, सरचू, पांग, तंगलंग ला, कारू, लेह. गाडी टर्बो नसलेली, रोटरी पंपाची (इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्शन पंप). टाकीतून डिझेल ओढण्याचं काम तिथे पंपाच्या आतला व्हेन पंपच करतो. निघण्याआधी टाकीजवळ १२ व्होल्टचा फीड पंप, म्हणजे डिझेल त्या पंपाकडे ढकलणारा छोटा इलेक्ट्रिक पंप, बसवला होता.

बारालाचा खिंडीच्या चढावर (सुमारे ४,८९० मीटर) काळा धूर आणि मेलेला पिकअप कायम राहिला. राहणारच. तिथे हवा कमी पडते, डिझेल नव्हे. खालचा गिअर टाकून सावकाश चढायचं. फीड पंपाने ताकद वाढते असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. त्याचं काम दिसलं ते सरचूपुढच्या गाटा लूप्स घाटाच्या २१ वळणांत आणि तंगलंग लाच्या (५,३२८ मीटर) शेवटच्या टप्प्यात. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो, ओढ तुटते, डिझेलमध्ये मुरलेली हवा बुडबुडे होऊन सुटते आणि गाडी धूर न काढता झटके मारते. या वेळी झटके नाहीत, फिल्टरपुढच्या पारदर्शक नळीत बुडबुडाही नाही.

पंप ३ ते ५ पीएसआयचाच घ्या. पेट्रोल इंजेक्शनचा ३ बारचा (सुमारे ४४ पीएसआय) पंप लावला तर रोटरी पंपातला दाब वाढून डिझेल फवारण्याचं टायमिंग पुढे सरकतं आणि शाफ्टचं सील गळायला लागतं. दुकानातच नवा पंप बाणाच्या दिशेने फुंकून पाहा. हवा पार गेली पाहिजे, म्हणजे वाटेत पंप मेला तरी इंजिन त्यातून डिझेल ओढू शकेल. जागा टाकीजवळ, शक्य तितकी खाली. आधी जाळीचा फिल्टर, मग पंप. नळी ८ मिमीची, डिझेलला चालणारीच.

वायरिंगला घाई नको. बॅटरीपासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौ. मिमी वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच; त्याच्या टोकांवर नंबर असतात) ३० नंबरला, ८७ वरून पंपाला. ८५ अर्थला. ८६ ला चावीची लाइन थेट देऊ नका. मध्ये ऑइलचा दाब आल्यावर जुळणारा प्रेशर स्विच हवा. नाहीतर अपघातात नळी तुटून इंजिन बंद पडलं तरी पंप रस्त्यावर डिझेल ओततच राहील. डिझेलच्या नळीत अडकलेली एअर काढताना मात्र इंजिन बंद असतं, म्हणून त्या स्विचला समांतर एक पुश बटण. अर्थसाठी चासीचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडा आणि दातेरी वायसर घाला. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर दोष बहुधा इथेच असतो.

पंप बसवल्यावर जुनी गळती बाहेर येते. आधी ज्या सांध्यातून हवा आत जायची, तिथून आता डिझेल झिरपतं. पंपाला दोष देऊ नका, बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदला.

तांदीच्या पंपावर पुढचं इंधन ३६५ किलोमीटरवर असल्याचा प्रसिद्ध फलक आहे. टाकी काठोकाठ भरा. सोबत एक डिझेल फिल्टर, रिले, चार फ्यूज, मीटरभर नळी आणि क्लिपा. सरचूला मुक्काम असेल तर थंड इंजिनवर सगळे सांधे सकाळीच कोरड्या फडक्याने पुसून तपासा. थंडीत रबर आकसतं आणि रात्री कोरडी असलेली क्लिप पहाटे ओली सापडते.