दाराआडची पिल्लं

मॉन्टेरेच्या मत्स्यालयात मी गेले होते ती समुद्री पाणमांजरं बघायला. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर एकेकाळी सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने होते. त्यांपैकीच एकाच्या जागेवर हे मत्स्यालय उभं आहे, आणि कारखान्याचे जुने बॉयलर अजून आत जपून ठेवलेत. पण मी तिथे थांबले नाही. थेट काचेपाशी गेले.

एक मादी पाठीवर तरंगत अंगावरची लव चोळत होती. थांबतच नव्हती. या प्राण्याच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो. थंडगार पाण्यात ऊब राखायची ती केसांनी. जिथे ते सगळ्यांत दाट असतात, तिथे एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत. शिवाय रोज वजनाच्या पाव हिश्शाइतकं खाणं लागतं. याच केसांसाठी त्यांची इतकी शिकार झाली, की कॅलिफोर्नियात ती संपलीच असं लोक धरून चालले होते. 1938 मध्ये बिग सरच्या किनाऱ्यापाशी पन्नासेक दिसली. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर साधारण तीन हजार आहेत.

"वाचवलेली पिल्लं कुठे आहेत?" काचेजवळच्या स्वयंसेविका बाईंना मी विचारलं. त्या हसल्या. "ती कुणालाच दाखवत नाहीत."

वादळात आईपासून तुटलेलं पिल्लू इथे येतं, तेव्हा सुरुवातीला रात्रंदिवस दर काही तासांनी त्याला बाटलीनं दूध पाजावं लागतं. पाजणारे अंगभर काळा झगा आणि तोंडावर वेल्डरचा मुखवटा घालतात. माणूस आणि खाणं यांची सांगड पिल्लाच्या डोक्यात बसली, तर मोठेपणी ते होड्यांवर चढतं आणि मग त्याला समुद्रात ठेवता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत कर्मचारी स्वतः पिल्लांबरोबर समुद्रात पोहायचे, बुडी मारायला शिकवायचे. माया होती, पण त्या मायेनंच पिल्लं माणसाळायची.

वाट दाखवली ती टूलानं. 2001 मध्ये ही मादी किनाऱ्यावर सापडली. मेंदूला संसर्ग झालेला, झटके येत होते, परत सोडणं शक्य नव्हतं. तिला मेलेलं पिल्लू झालं आणि त्याच सुमारास एक अनाथ पिल्लू मत्स्यालयात आलं. ते तिच्याजवळ ठेवलं, तर तिनं छातीवर घेतलं. त्यानंतर टूलानं एकूण तेरा पिल्लांना आईपण दिलं. शिंपले फोडणं, लव विंचरणं, सगळं. मानलेली आई हा शब्द मला तिथे उभ्याउभ्या नव्यानं कळला. टूला 2012 मध्ये गेली. तेव्हापासून हे काम इतर माद्या करतात. काचेआड आपण बघतो त्यांच्यापैकीही काही.

हे सगळं उभं राहिलं ते देणगीवर. डेव्हिड आणि ल्युसिल पॅकार्ड या दांपत्यानं सुमारे साडेपाच कोटी डॉलर दिले आणि 1984 मध्ये मत्स्यालय उघडलं. पण पुढे ते स्वतःच्या पायावर चाललं पाहिजे, असा डेव्हिड यांचा आग्रह होता. मला त्या रकमेपेक्षा हा आग्रह मोठा वाटतो. त्यामुळे आज तिकीट काढणारे, सभासद होणारे आणि शे-दोनशे डॉलर पाठवणारे असे सगळे मिळून तो भार उचलतात. कॅलिफोर्नियात तर 2006 च्या कायद्यानं राज्याच्या कर-विवरणपत्रातच पाणमांजरांसाठी एक रकाना ठेवला. करदात्यानं वाटेल तो आकडा लिहायचा. त्या कायद्यामागेही टूलाची गोष्ट होती.

आणि यातला कुणीच आपल्या पैशांवर वाढणारं पिल्लू बघू शकत नाही. आपल्याकडे गुप्तदानात देणारा लपतो. इथे घेणाराच लपून राहतो, आणि लपला तरच वाचतो. त्या बंद दारापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासावरच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीवर गेले. मानलेल्या आयांनी वाढवलेली 37 पिल्लं 2002 ते 2016 या काळात इथे सोडली. त्या काळात खाडीतल्या पाणमांजरांची संख्या जेवढी वाढली, तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा या पिल्लांचा आणि त्यांच्या वंशाचा, असं 2019 च्या अभ्यासात दिसलं. ही पाणमांजरं खेकडे फस्त करतात. खेकडे काठ पोखरतात, म्हणून खेकडे घटले तसं काठांचं ढासळणंही मंदावलं.

दुर्बिणीतून मी मागच्या पायांवरचे रंगीत बिल्ले शोधत होते. मत्स्यालयातून सोडलेल्यांना ते लावतात. दोघांच्या पायावर दिसले. जरा पलीकडे एक आई पाठीवर तरंगत होती आणि तिच्या छातीवर तपकिरी गोळा झोपला होता. आईच्या पायाला बिल्ला नव्हता, पिल्लाच्या पायालाही नव्हता.