लोकलमधला तंबोरा

सोमवार

आषाढ लागला की मला भजनाची तलफ येते. आज दुपारभर ऑफिसात आकडे जुळवताना कानात सेव्हन हर्ट्झ कंपनीचे झिरो नावाचे इअरफोन होते आणि एका भजनी मंडळाचं जुनं ध्वनिमुद्रण चालू होतं. इअरफोन पारखायला लोक काय काय वाजवतात, कुणी बेस ऐकतं, कुणी गिटारच्या तारा. मी टाळ ऐकते. स्वस्त इअरफोनला क्लॅरिटी दाखवायची भारी हौस असते. त्यासाठी ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, चढवून ठेवलेला असतो आणि दहा-बारा टाळकरी रंगात आले, की पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा एकच खणखणाट होतो. पाचव्या मिनिटाला इअरफोन काढून टेबलावर.

झिरोचं तसं होत नाही. टाळ थोडे पुढे येतात, नाही असं नाही, पण आघात वेगळा आणि मागे रेंगाळणारा नाद वेगळा राहतो. पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू मात्र बारीक वाटते. २०२२ साली हे इअरफोन साधारण २० डॉलरला आले. आत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा चिमुकला स्पीकर. ऑफिसात याहून जास्त काही लागत नाही. कुणी हाक मारली तर एका झटक्यात काढता येतात, चहाच्या कपाशेजारी पडले तरी जीव खालीवर होत नाही. वायर खराब झाली तर वायरच बदलायची. माझ्या आधीच्या जोडीत (कंपनीचं नाव कशाला घ्या) पिनेचं भोक सैल झालं आणि एक कान कायमचा गेला, तेव्हापासून हे आधी बघते.

फोनवर बोलायला वायरलेसच बरे, हे मात्र कबूल. त्यांची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, ते दुखणं वेगळं.

बुधवार

आज गाडीला तुफान गर्दी. क्लिपा-टिकल्या विकणारीलासुद्धा डब्यात आत शिरता येईना.

लोकलचा गोंगाट बराचसा खालच्या पट्टीतला असतो: चाकं, मोटर, खाडीपुलावरची धडधड. आणि तो नेमका डग्ग्यावर आणि तंबोऱ्याच्या खर्जावर येऊन बसतो. म्हणजे ऐकायचं ते झाकलं जातं आणि माणूस आवाज वाढवत सुटतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. डब्यात आवाज वाढवून ऐकणाऱ्याची ती कधीच ओलांडली जात असणार.

म्हणून प्रवासात एटिमोटिक कंपनीचे ईआर२एक्सआर हे इअरफोन. ही मंडळी मूळची श्रवणशास्त्रातली. संस्थापक मीड किलियन श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातून आलेले, आणि १९९१ सालचा त्यांचा ईआर४ हा कानाच्या नळीत खोल जाणाऱ्या चांगल्या इअरफोनांचा मूळपुरुष. माझा त्याच घराण्यातला धाकटा आणि स्वस्त, २०१९चा. कानात जाणाऱ्या टिपेला एकावर एक तीन रबरी चकत्या. कंपनी ३५ ते ४२ डेसिबल आवाज अडतो म्हणते. अडतो खरा. शेजारच्या दोघींचं भांडण मला फक्त दिसत होतं.

घालायचा सोहळा मात्र बघण्यासारखा. टिप जराशी ओली करायची, उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, कान वर आणि मागे ओढायचा, आणि इअरफोन हळूहळू फिरवत आत सारायचा. शेवटी एक दाब जाणवतो आणि बाहेरचं जग बंद. हा दाब आला नाही तर काढून पुन्हा. फट राहिली की बेस तिथून निसटतो, मग आत एक ड्रायव्हर असो की दहा. ‘यात बेसच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांना मला विचारावंसं वाटतं, नीट बसलाय का तो कानात?

चालताना हे घालण्यात अर्थ नाही. आपलीच पावलं डोक्यात धपधपतात, वायर ओढणीला घासली की खरखर होते, आणि घास चावला तर गाणं संपलं. रस्ता ओलांडताना तर घालूच नयेत.

येताना उशीर झाला. गाडी बरीच रिकामी होती, खिडकी मिळाली आणि मारवा रागाचा एक लांबलचक विलंबित ख्याल लावला. काळी एकचा गायक, पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. म्हणजे षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. पण खर्जाची तार आपल्याला ऐकू येते ती त्या ६९वर थोडीच. ती ऐकू येते जवारीमुळे, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरच्या दोऱ्यामुळे वर उमलत जाणाऱ्या स्वरांच्या झुंबडीत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली, तिथे ज्यांचा स्थिरबिंदू (तार हलत नाही ती जागा) पडतो ते उपस्वर नियमाप्रमाणे निघायला नकोत. तंबोऱ्यात ते चांगले खणखणीत निघतात. घोडीची रुंद, किंचित बाकदार पाठ हे घडवून आणते.

तेव्हा तंबोरा नीट ऐकवायचा म्हणजे इअरफोनला खालपासून वरपर्यंत कुठे खड्डा नको आणि उंचवटाही नको. एटिमोटिकमध्ये चारही तारा मिळून एक होतात आणि गायक त्यांच्यातून निघतो, त्यांच्यावर ठेवल्यासारखा वाटत नाही. कोमल रिषभ लागला तेव्हा मी फोन पालथा करून ठेवला. ‘सिरियस लिसनिंग’ म्हणून लोक जे काही म्हणतात ते माझं इथेच होतं, ठाण्याच्या पुढे, रिकाम्या डब्यात.

शुक्रवार, रात्री

आज मूनड्रॉप कंपनीचे ब्लेसिंग २ हे इअरफोन बाहेर काढले. मान त्यांचा मोठा. २०२० साली आले तेव्हा साधारण ३२० डॉलर किंमत, कानाला एक डायनॅमिक ड्रायव्हर आणि चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे श्रवणयंत्रात असतात तसले इवले ड्रायव्हर. झिरोच्या सोळापट पैसे. सोळापट चांगले आहेत का? छे. दीडपट म्हणा, आणि तेही खोलीचं दार लावून, पंखा बंद करून बसलं तर.

पण त्या दीडपटीत मजा आहे. मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं की बैठक समोर मांडली जाते. पेटीवाला भाता ओढतो तो सुस्कारा. तबलजी मध्येच सूर जुळवायला हातोडीने गट्टा ठोकतो ती टकटक, मग शाईवर एक बोट, पुन्हा टकटक. पुढून कुणीतरी दाद देतं आणि ते गृहस्थ उजवीकडे दुसऱ्या रांगेत बसलेत हे कळतं. तबल्याच्या एकलवादनाला तर याला तोड नाही. डग्ग्याची मींड खाली घसरत जाते ती थेट शेवटपर्यंत दिसते.

तंबोरा मात्र इथे उसवतो. तारा सुट्या सुट्या होतात. ते न्याहाळायला छान वाटतं, पण त्यात मुरून बसता येत नाही. आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज तार षड्जाला भिडला की जरा अंगावर येतो. त्याचं कारण आहे. उघड्या कानाची नळी स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. इअरफोनने ती बुजवली की ते घुमणं बनवणाऱ्याला पुन्हा बाहेरून भरावं लागतं. किती भरायचं हा प्रत्येकाचा अंदाज, आणि माझ्या कानाला इथला अंदाज किंचित सढळ वाटतो. शिवाय इअरफोनचं रेझिनचं धूड मोठं, कानात जाणारं टोक जाड. एका बंदिशीनंतर उजवा कान दुखायला लागतो.

(नव्या फोनला इअरफोनचा जॅक नाही, म्हणून ॲपलचा छोटा डोंगल, म्हणजे जोडणी, घेतलाय. अँड्रॉइडवर तो बारीक वाजतो, पण ब्लेसिंग आधीच जोरात वाजणारे, त्यामुळे निभावतं.)

रविवार

सकाळी इअरफोनांची साफसफाई. जाळीवरचा मळ मऊ ब्रशने काढला, तोही जाळी खाली धरून, नाहीतर आतच जातो. पावसाळ्याची हवा आहे, त्यांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या नव्या पुड्या टाकल्या.

बाबा पेपर वाचत होते, त्यांना एटिमोटिक दिले. त्यांनी घातले, आवंढा गिळला आणि लगेच काढले. “अगं, माझंच पोट ऐकू येतंय मला.” मग ब्लेसिंग दिले. ते राहिले कानात. मी मारवाच लावला होता. बाबा बराच वेळ काही बोलेनात. “दुसरा तंबोरा आहे ना, त्याचा पहिला स्वर उतरलाय.” म्हणजे पहिल्या तारेचा, मारव्यात जो निषाद असतो तो. मी एवढ्यांदा ऐकलेलं ध्वनिमुद्रण, मला कधी जाणवलं नव्हतं. ब्लेसिंगवर मान वळवून ऐकलं तर सापडला, चांगला केसभर खाली. एटिमोटिकवर लक्ष देऊन ऐकल्यावर. झिरोवर नाहीच.

सुट्या तारांचा असाही उपयोग आहे म्हणायचा.

ऑफिसातला एकजण ब्लेसिंग विकतेस का म्हणून मागे लागलाय, त्याला नाही कळवलं. एटिमोटिकच्या टिपा पिवळ्या पडून कडक झाल्यात, त्या मागवल्या. यंदा नवा इअरफोन घ्यायचा नाही. बाबांनी ब्लेसिंग अजून परत दिलेले नाहीत, आता तबला ऐकतायत.